सात नंबरची चोळी

आकड्यांवर माझा विश्वास आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली तिचा पुरता आनंद लोकांना घेता येईल. मी नीलिमा. पुण्याची. कानडी राजधानीत, कोरमंगलात, एका लहानशा कंपनीत काम करते. आमची कंपनी खेळाडूंच्या पाठीवर बसवायचं एक यंत्र बनवते. काडेपेटीएवढं असतं. एका घट्ट, आखूड बनियनला मागे खिसा असतो, त्यात ते बसवायचं. मग खेळाडू किती पळाली, किती वेगाने पळाली, किती वेळा आपटली आणि आपटल्यावर किती वेळात उठली, हे सगळं माझ्या लॅपटॉपवर येतं. भारताच्या महिला रग्बी संघाचं शिबिर बनशंकरीच्या पुढच्या एका मैदानावर सुरू झालं, तेव्हा कंपनीने मला तिथे धाडलं. पुढच्या चार वर्षांसाठी अठरा मुली निवडायच्या होत्या आणि निवड समितीला त्यासाठी लागणारे आकडे मी द्यायचे होते.

रग्बीतलं मला काडीचंही कळत नव्हतं. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, आणि तरी पुढे जायचं, हे ऐकून हा खेळ कुणीतरी कचेरीत फायली सरकवता सरकवता शोधला असणार असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने पळत्या मुलीच्या कमरेला मिठी मारून तिला धाडकन खाली पाडलं आणि माझ्याच बरगड्या दुखल्या. संघाचे प्रशिक्षक योगीराज सर शेजारी उभे होते. निपाणीचे, पन्नाशीचे, एका गुडघ्याने अधू आणि खिशात सदैव एक वही. ते म्हणाले, "मॅडम, पडायला काय, सगळ्यांनाच येतंय. उठायचं बघा. पडल्यावर जी आधी उठली, चेंडू तिचा."

हे मला एकदम पटलं. त्याच दिवशी मी पडल्यापासून उठेपर्यंतचा वेळ असा एक रकाना केला. संघाची सरासरी २.२ सेकंद होती. या रकान्यावर माझा फार जीव बसला.

त्या वेळी त्यात सगळ्यात वर होती शिवलीला. खानापूरकडची, तीस वर्षांची, खांद्याने दांडगी आणि बोलायला मऊ. रेल्वेत टी. सी. होती आणि के. आर. पुरमला राहायची. तिच्या गावाकडे बायकाही सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशी तीही म्हणायची. अकरा वर्षं ती संघात होती. ओडिशा-बिहारच्या मुलीसुद्धा तिला अक्काच म्हणत आणि तिने डोळे वटारले की सगळ्या मुकाट पाण्याच्या बाटल्या जागेवर ठेवत.

संघात नवी मुलगी आली की शिवलीला तिची ओटी भरत असे. भर मैदानात! माझ्या समोर ती भूमिकाची भरली. भूमिका एकोणीस वर्षांची, भालकीची, बारीक मानेची, आणि शिवलीलाच्याच जागेवर खेळणारी. तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, कुंकू लावलं, जर्सीच्या ओच्यात तांदूळ, नारळ, गुळाचा खडा आणि खणाच्या जागी घडी घातलेलं काहीतरी काळं कापड घातलं. मुलींनी टाळ्या पिटल्या. फोटो मीच काढला. मग मी योगीराज सरांना म्हणाले, "राष्ट्रीय संघ आहे सर, की चैत्रातलं हळदीकुंकू?"

"सरी मॅडम," ते कानडीत 'बरं' म्हणाले, "तुमी नारळ खावा."

मी नारळ खाल्ला आणि विसरून गेले.

पुढच्या आठ महिन्यांत दोन गोष्टी झाल्या. भूमिका पहिल्याच आठवड्यापासून अशी चमकली की मी कंपनीत सगळ्यांना तिचा आलेख दाखवत फिरले. पडल्यावर ती १.६ सेकंदांत उठत होती. आणि नेमकी त्याच आठवड्यापासून शिवलीला घसरली, ती थेट ३.४ वर. नंतर हळूहळू सुधारत २.३ पर्यंत आली, पण तोवर माझं मत बनलं होतं. वयाने घात केला. शिवाय आपल्या जागेवर ताजी पोर आली हे बघून बाईचा धीर सुटला. आकड्याला कारण चिकटवायची मला वाईट खोड आहे, आणि हे कारण फारच चपखल बसत होतं.

योगीराज सर कुरकुरले. "मॅडम, माझ्या डोळ्याला तसं दिसूलालं न्हाई."

"सर, डोळ्याला माया असते. यंत्राला नसते."

हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या दिवशी मी ते आणखी दोघांना ऐकवलं.

रोज सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी तासभर शिवलीला भूमिकाला मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन जायची. पाडायची, उठवायची, पुन्हा पाडायची. "कोपर आधी टेक. गुडघा पोटाशी घे. आता ऊठ. ऊठ की गं!" मी त्याला फुकटची दमणूक म्हणत होते आणि तशी तक्रारही केली होती. स्वतःचं होत नाही म्हणून दुसऱ्याला शिकवायचं, असंही मनात आलं होतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

यादी द्यायच्या आदल्या आठवड्यात शिवलीला माझ्या टेबलापाशी आली. हातातली टोपी चुरगळत म्हणाली, "मॅडम, माझं नाव हाय काय?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याचा मला जरा गर्वही आहे. "नाही गं. बाविसावी आहेस. वय धरलं तर आणखी खाली. पडल्यावर उठायला तुला फार वेळ लागतो."

"मी?"

"यंत्र सांगतंय."

ती जरा वेळ लॅपटॉपच्या पाठीकडे बघत राहिली, जणू पलीकडून काही दिसेल. "यंत्र म्हणतंय तर असंल," ती म्हणाली. मग विचारलं, "आणि भूमिकाचं?"

"तिसरी."

"बरं झालं." ती खरंच हसली. पुढची चार वर्षं खेळायची म्हणून तिने बढतीची बदली नाकारली होती, लग्नाची बोलणी दोनदा पुढे ढकलली होती, हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. मलाही होतं. ती वळून गेली आणि दहा मिनिटांनी कोपऱ्यातून आवाज आला, "ऊठ की गं!"

दुसऱ्या दिवसापासून शिवलीलाने शिबिरातून रजा घेतली. स्टेशनवर गर्दीचे दिवस होते, ड्युटीला बोलावलं होतं. चौथ्या दिवशी मी सकाळचा अहवाल उघडला. शिवलीला: पाच किलोमीटर दोनशे मीटर. भूमिका: गैरहजर.

शिवलीला त्या वेळी के. आर. पुरमच्या फलाटावर तिकिटं तपासत होती आणि गैरहजर भूमिका माझ्यासमोर केळं सोलत होती. मागचे तीन दिवस उघडून बघितले, तर तिन्ही दिवस हेच. यादी ठरली म्हणून मी ते पाहिलेही नव्हते. भूमिकाला हाक मारली, तिची मान वाकवली आणि बनियनची पट्टी उलटून बघितली. नंबर सात. बनियनचा आणि आतल्या यंत्राचा नंबर एकच असतो, आणि सात शिवलीलाचा होता. भूमिकाला मी तेवीस दिला होता.

"ही तुझ्याकडे कशी?"

"माझीच हाय की मॅडम. अक्कानं ओटीत घातलेली." मुली त्या बनियनला चोळीच म्हणायच्या, दिसायचीही तशीच. "नवी चोळी काखेत लई काचते. म्हणून अक्कानं त्यांची मऊ झालेली मला दिली आणि माझी नवी स्वतः घालायल्यात. पहिल्या दिवसापासनं."

"आठ महिने? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्ही होता की तिथं. फोटो तुम्हीच काढलाव." मग जरा घाबरून म्हणाली, "ओटीतलं परत करत नसतेत ना मॅडम?"

मी मोबाइलमध्ये तो फोटो शोधला. भूमिकाच्या ओच्यात नारळाशेजारी काळी चोळी, आणि तिच्या पट्टीवर ठसठशीत सात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी आठ महिने अक्षरशः करत होते. फोटो माझा, आकडे माझे, आणि मूर्खपणाही माझाच. मला स्वतःची इतकी लाज वाटली की योगीराज सरांना सांगताना मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. ते मात्र एवढंच म्हणाले, "डोळ्याला माया असती मॅडम. खरं हाय." आणि वही खिशात ठेवली.

नावं अदलाबदल करून मी पुन्हा हिशोब मांडला. वयाचे गुण वजा करूनही शिवलीला चौथी आली. तीस वर्षांची बाई, अंगाला काचणारी नवी चोळी घालून, आठ महिने संघात सगळ्यांच्या आधी उठत होती आणि त्याची वाहवा मी दुसरीच्या नावावर जमा करत होते. भूमिका विसावी आली. अठराच्या खाली.

दुपारी मी के. आर. पुरमला निघाले. टिन फॅक्टरीच्या सिग्नलला कॅब अर्धा तास हलली नाही. तेवढ्या वेळात मी माफीची चार वेगवेगळी वाक्यं तयार केली आणि शिवलीला समोर दिसल्यावर चारही विसरले. काळा कोट घालून ती पुलाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

तिने हातातलं पावतीपुस्तक मिटलं. मग म्हणाली, "म्हंजे मी हळू न्हाई?"

"तुझ्याइतकं लवकर संघात कुणीच उठत नाही."

ती तिथेच पायरीवर बसली. लोक बॅगा घेऊन आमच्या बाजूने चढत-उतरत होते. कोटाच्या बाहीने तिने डोळे पुसले. "चार दिवस ह्या पायऱ्या चढताना मी माझे पाय बघतोय, मॅडम. ह्येच ते पाय काय, म्हणून. मला कसं कळलं न्हाई, ह्ये कवा म्हातारे झाले, म्हणून. माझ्या पायांवरचा इस्वासच गेल्ता."

मी तिच्याशेजारी बसले. माझी चूक झाली म्हणाले. तीनदा म्हणाले.

"भूमिकाचं काय मग?" तिने विचारलं.

"विसावी."

आता ही म्हणणार, राहू दे मॅडम, पोरीचं नाव राहू दे, असं मला वाटलं. मोठ्या मनाची माणसं अशा वेळी असंच बोलतात अशी माझी समजूत होती, आणि ती तसं बोलली असती तर मी काय करणार होते ते मला आजही माहीत नाही.

शिवलीला उठली. कोट झटकला. "चोळी दिली मी तिला. पाय न्हाई दिले," ती म्हणाली. "माझं नाव लावा, मॅडम. मला अजून खेळायचंय." चार पायऱ्या चढून ती परत फिरली. "भूमिकाला तुमी सांगू नका. उद्या मी सांगतो."

त्या क्षणी मला ती जेवढी मोठी वाटली तेवढं मैदानावर कुणी वाटलं नव्हतं. स्वतःचं आहे ते न लाजता मागायचं, आणि ज्याचं जातंय त्याला स्वतः जाऊन तोंडावर सांगायचं. मला यातलं एकही धड जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी तिने सगळ्यांसमोर सांगितलं. आधी भूमिकाला काही उमगेना. उमगलं तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हीच तिसरी म्हटलाव म्हणून मी घरी फोन केलाय, अक्का! अप्पांनी गल्लीत पेढे वाटलेत! आता कोणत्या तोंडानं सांगू?" जर्सीखालून तिने ती चोळी ओढून काढली आणि शिवलीलासमोर धरली. "घ्या तुमची. हिच्यापायीच झालं."

शिवलीलाने हात मागे घेतले. "ओटीत घातलेलं परत घेत न्हाईत."

"मग मी काय करू?"

शिवलीलाने योगीराज सरांकडे बघितलं. सरांनी खिशातून वही काढली. पण ही रोजची नव्हती, दुसरीच. कोपरे झिजलेली, पिवळी पडलेली. अकरा वर्षांपूर्वीचं पान त्यांनी उघडलं आणि चष्मा वर करून वाचलं. "शिवलीला. वय एकोणीस. पडल्यावर उठायला तीन सेकंद. कधी चार. लई रडते."

मुली हसल्या. भूमिका हसली नाही, पण तिचं नाक ओढणं थांबलं.

"आली तवा तू ३.४ होतीस, आज २.३ हाइस. एकोणिसाव्या वर्षी मी तीन-चारात होतो," शिवलीला म्हणाली. "मॅडमनी दाखवलंय मला. माझ्यापरास तू पुढं हाइस. पण आजची जागा माझी हाय, ती मी सोडत न्हाई. तुला पायजे तर येऊन घे."

भूमिकाने तिच्याकडे रागाने बघितलं. मग चोळीची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

यादी गेली. अठरा नावं, चौथं शिवलीलाचं; त्या अठराजणींचा सराव त्याच मैदानावर सुरू राहिला. भूमिका भालकीला परतली. शिबिराचं साहित्य मोजताना सव्वीस चोळ्यांपैकी पंचवीसच भरल्या. कंपनीतून फोन आला, सात नंबरचं यंत्र कुठे? मी लिहून दिलं, सापडत नाही. मला खोटं बोलता येत नाही असं मी वर म्हटलंय. शिकता येतं.

पंधरा दिवसांनी सकाळी चहा पीत लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला होता. नंबर सात. ठिकाण भालकी. तिच्या मोबाइलमधून आकडे येत होते. साडेपाचपासून साडेसहापर्यंत ती चाळीस वेळा पडली होती आणि चाळीस वेळा उठली होती. मी फोन केला. तुरीच्या भुसाने भरलेलं पोतं आंब्याला टांगलंय, त्याला मिठी मारून पडते, म्हणाली. "आईला वाटतंय मला वेड लागलंय. अक्काला सांगू नका."

मी लगेच सांगितलं. त्या दिवसापासून शिवलीला मैदानावर आली की आधी माझ्या टेबलापाशी येऊ लागली. "सात नंबर?" एवढंच विचारायची. मी आकडा दाखवायचे. २.३. मग २.२. मध्ये आठवडाभर ठिपका लागलाच नाही तेव्हा शिवलीला सरावात दोनदा चेंडू चुकली. भूमिकाला ताप आला होता एवढंच. मग २.१. दिवाळीनंतर १.९. योगीराज सरांनी नव्या वहीत तिच्या नावाचं पान घातलं. यादीत नसलेल्या मुलीचं पान त्या वहीत एवढं एकच आहे.

परवा सकाळी आकडा आला १.६.

दुधाने तोंड पोळल्यामुळे मी ताकही फुंकून पिते. भूमिकाला फोन करून चोळीची पट्टी उलटायला लावली, नंबर वाचून घेतला, अंगात कोण आहे तेही विचारलं. "मीच की मॅडम!" ती धापा टाकत ओरडली. तेवढ्यात शिवलीला आली.

"सात नंबर?"

मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. ती वाकून बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर एकदम हसू पसरलं, ओटी भरतानाचं होतं तसंच. डोळेही भरले होते.

"आली की गं," ती पडद्याला म्हणाली. "माझ्या बरोबरीला आली."

मग तिने पिशवीतून आपली तेवीस नंबरची चोळी काढून अंगात घातली, आणि मैदानात अजून कुणी आलेलं नसताना एकटीच कोपऱ्यात गेली. पडली, उठली. पुन्हा पडली, उठली. मी तिचा रकाना उघडून बसले. दहाव्या वेळी आकडा आला १.५.